हे मला आधी कुणी का नाही सांगितलं!

ओताकाम. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वतात, लूर्द गावाजवळचा घाट. साडेतेरा किलोमीटर लांब आणि सरासरी चढ 7.8 टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे सरकायचं तर जवळजवळ आठ मीटर वर चढायचं, आणि तेही आधीच दीडशेच्या वर किलोमीटर तुडवून झाल्यावर. 17 जुलै 2025 ला, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजत आले असताना, तादेइ पोगाचार नावाचा सव्वीस वर्षांचा स्लोव्हेनियन पोरगा या घाटाच्या सुरुवातीलाच, शिखर बारा किलोमीटर दूर असताना, सायकलच्या खोगिरावरून उठला आणि सुटला. मागे योनास विंगेगोर, डेन्मार्कचा, टूर द फ्रान्सचा दोन वेळचा विजेता. तो थोडा वेळ चिकटायला बघत होता, मग दहा मीटरचं अंतर पडलं, मग पन्नास, मग तो दिसेनासा झाला. वर पोहोचेपर्यंत दोघांत 2 मिनिटं 10 सेकंदांचं अंतर. आदल्याच दिवशी तूलूझमध्ये पोगाचार रस्त्यावर आपटला होता, हात सोललेला होता. आणि 2022 साली याच घाटात याच विंगेगोरने त्याला हरवलं होतं. हे सगळं मला माझा भाचा एका दमात सांगत होता आणि मी पडद्यावरून नजर न हलवता ऐकत होते. त्या रात्री मला टूर द फ्रान्स लागली, आणि अजून उतरलेली नाही.

मी टाळ्या वाजवल्या तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भाच्याच्या खोलीत त्याच्या सायकल ग्रुपमधली मंडळी बसली होती. त्यांतल्या दोघांनी त्याच क्षणी मोबाईलवरचं स्टॉपवॉच थांबवलं. शर्यतीची वेळ तर पडद्यावर दिसत होती, मग हे काय मोजत होते? ते घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वेळ मोजत होते. ग्रुपमधले सगळ्यांत मोठे, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "रीसची वेळ अजून शाबूत आहे."

"कोण रीस?" मी विचारलं. आणि मग मध्यरात्रीपर्यंत आम्ही कुणीच उठलो नाही.

बियार्ने रीस हाही डेन्मार्कचाच. 1996 साली याच ओताकामच्या चढावर तो मुद्दाम हळू झाला, प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेशेजारून मागे आला, एकेकाचा चेहरा निरखून बघितला, कोण किती दमलंय ते पाहिलं, आणि पुन्हा पुढे जाऊन सगळ्यांना सोडून निघून गेला. ती टूर त्याने जिंकली. 2007 मध्ये त्याने स्वतः पत्रकारांसमोर कबूल केलं की तेव्हा तो ईपीओ हे उत्तेजक घेत होता. आणि 2008 मध्ये इथे पहिला आलेला इटालियन लिओनार्दो पिएपोली नंतर उत्तेजकांच्या चाचणीत सापडला. म्हणजे ज्या घाटाने मला वेड लावलं त्याच्या प्रत्येक वळणावर कुणाची ना कुणाची फसवणूक घडून गेलेली! मी अवाक झाले. आणि खरं सांगते, त्याने माझा उत्साह कमी नाही झाला, उलट दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामं बाजूला ठेवून वाचायला बसले.

केवढं हे जग आहे! 1903 मध्ये 'लोतो' नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढवायला ही शर्यत काढली. साठ जण निघाले, एकवीस जण पोहोचले, मोरिस गारँ जिंकला. पेपर पिवळ्या कागदावर छापला जायचा आणि 1919 पासून आघाडीवर असलेल्याला पिवळी जर्सी मिळू लागली. दुसऱ्याच वर्षी, 1904 मध्ये, इतकी लबाडी झाली की पहिल्या चारही जणांना बाद करून आँरी कोर्ने या एकोणीस वर्षांच्या मुलाला विजेता ठरवावं लागलं. फसवणूक या शर्यतीत नंतर शिरली असं नाही, ती पाळण्यापासून सोबत आहे. आणि तितकाच सोबत आहे तो चिवटपणा. 1913 मध्ये तूर्माले घाटाच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्याने करायची. सायकल खांद्यावर टाकून तो चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून फोर्क सांधला, आणि भाता एका पोराने हलवला म्हणून त्याला वर दंड झाला!

आता ती एकवीस टप्प्यांची, तीन आठवड्यांची, सव्वातीन हजारांहून जास्त किलोमीटरची आहे. 2025 मध्ये तेवीस संघ होते, प्रत्येकी आठ जण. आठांतले सात बहुतेक वेळा एकासाठी राबतात: वारा अडवतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, आपल्या नेत्याला चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात. झुंडीच्या आत, दुसऱ्याच्या पाठीमागे राहिलं की बरीच ताकद वाचते, म्हणून सपाट रस्त्यावर कुणी एकटा पळून जाणं फार अवघड. घाटात मात्र वेग उतरतो, वाऱ्याचा आडोसा कामाचा राहत नाही, आणि माणूस उघडा पडतो. म्हणून सगळे घाटांसाठी जीव टाकतात. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात ना, तसा मान टूरमध्ये लाल ठिपक्यांच्या पांढऱ्या जर्सीला आहे. घाटांना श्रेणी आहेत, चौथीपासून पहिलीपर्यंत, आणि त्याही वरचे घाट श्रेणीबाहेरचे! 2025 च्या अठराव्या टप्प्यात ग्लाँदों, मादलेन आणि कोल द ला लोझ हे असे तीन एकाच दिवसात होते. शेवटचा लोझ तर सव्वीस किलोमीटरांहून लांब, 2304 मीटर उंचीवर संपणारा. त्या एका दिवसाची एकूण चढाई साडेपाच हजार मीटरच्या आसपास होती. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची 1646 मीटर आहे, म्हणजे तीनदा कळसूबाई, आणि तरी बाकी उरतं.

आणि यावर भांडणारी माणसं! मला ती शर्यतीइतकीच आवडली. मार्गावरून भांडणं, चाचण्यांवरून भांडणं, आणि ती दोन्ही भांडणं करणारे तेच लोक. ज्याला कुठल्या घाटाच्या कुठल्या किलोमीटरला चढ दहा टक्क्यांवर जातो हे पाठ आहे, त्यालाच वर जाणाऱ्याचा वेग बघून शंका येते. वरवर बघणाऱ्याला शंका येतच नाही. शंका घ्यायला रस्ता ठाऊक असावा लागतो, वारा ठाऊक असावा लागतो, माणसाचं शरीर काय करू शकतं याचा अंदाज असावा लागतो. मला त्या रात्री हेच पटलं की या लोकांचा संशय त्यांच्या प्रेमातूनच आला आहे, आणि या शर्यतीवर दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने प्रेम करताच येत नाही.

ग्रुपमधली एक मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ईपीओ म्हणजे काय हे तिने मला समजावलं. आपली मूत्रपिंडं हे संप्रेरक बनवतात आणि त्याच्या सांगण्यावरून शरीर तांबड्या पेशी तयार करतं. डायलिसिसवरच्या रुग्णांचा पंडुरोग हटावा म्हणून ते औषध आलं. सायकलवाल्यांना त्यात दुसरंच दिसलं: पेशी जास्त म्हणजे प्राणवायू जास्त, आणि प्राणवायू जास्त म्हणजे घाटात दम टिकतो. नव्वदच्या दशकात ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून 1997 मध्ये नियम केला की रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हेमॅटोक्रिट, पन्नास टक्क्यांवर गेलं तर सक्तीची विश्रांती. "मावशी, म्हणजे काय झालं माहितीये?" ती म्हणाली, "एकोणपन्नासपर्यंत सगळ्यांना मोकळं रान मिळालं." मार्को पांतानी 1998 मध्ये इटलीची जिरो शर्यत आणि टूर दोन्ही जिंकला. पुढच्या वर्षी जिरो जवळजवळ खिशात असताना त्याचा आकडा बावन्न निघाला आणि त्याला घरी पाठवलं. 2004 च्या फेब्रुवारीत रिमिनीच्या एका हॉटेलात तो मेला. चौतीस वर्षांचा होता. त्याच्या चढायांची जुनी चित्रणं मी बघितली आहेत, हँडलचा खालचा भाग धरून, उभा राहून चढणारा तो बुटका माणूस. ती बघताना मला आनंद होतो आणि छातीत दुखतं, दोन्ही एकाच वेळी.

दादांचं दुःख वेगळं. कॉलेजात असताना त्यांच्या मनगटावर लान्स आर्मस्ट्राँगचा तो पिवळा रबरी बँड होता. कर्करोगातून उठलेला माणूस 1999 ते 2005 सलग सात वेळा टूर जिंकतो, यावर कुणाचा जीव जडणार नाही? 2012 मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने पुराव्यांचा ढीग मांडला, सातही विजेतेपदं गेली, आणि जानेवारी 2013 मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली. त्या सात वर्षांपुढे आता विजेत्याचं नावच नाही. कारण नाव लिहायचं तर कुणाचं?

पण माझ्या मनात घर केलं ते आर्मस्ट्राँगने नाही, क्रिस्तोफ बासाँने. 1998 मध्ये फेस्टिना संघाचा मालिशवाला विली वूत बेल्जियमहून फ्रान्समध्ये शिरताना गाडीभर औषधांसह पकडला गेला आणि अख्खा संघ टूरमधून बाहेर काढला गेला. त्या संघात एक जण काहीच घेत नव्हता, हे त्याच्या सोबत्यांनीच पोलिसांना सांगितलं. तो बासाँ. पुढच्या वर्षी शुद्ध झालेली टूर म्हणून गाजावाजा झाला. बासाँ दुसऱ्या संघातून त्यात होता आणि वर्तमानपत्रात लिहीत होता की हे वेग पटण्यासारखे नाहीत. आल्प्समधल्या एका टप्प्यात आर्मस्ट्राँग, पिवळी जर्सी घालून, त्याच्या शेजारी आला आणि तू इथून गेलास तर बरं, असं त्याला सांगून गेला. झुंडीतल्या कुणी त्याची बाजू घेतली नाही. काही दिवसांत बासाँ शर्यत सोडून गेला. खरं बोलणारा घरी गेला, खोटं बोलणारा पॅरिसला पोहोचला! मला वाटतं, टूरच्या इतिहासात कुणाचा पुतळा उभारायचा असेल तर तो बासाँचा असावा, आणि तो सेस्त्रिएरे ते आल्प द्युएझच्या त्या रस्त्यावर असावा.

एक स्मारक मात्र आहे, माँ वाँतूवर. प्रोव्हान्समधला हा एकटा, बोडका डोंगर. वरचे काही किलोमीटर एकही झाड नाही, नुसता पांढरा चुनखडीचा दगड आणि वारा. 13 जुलै 1967 ला ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन इथे उन्हात कोसळला. त्याला पुन्हा सायकलवर बसवलं, तो पुन्हा कोसळला आणि गेला. एकोणतीस वर्षांचा होता, शरीरात आणि खिशात अँफेटामिन सापडलं. तिथून चढणारे हौशी सायकलपटू आजही त्याच्या दगडापाशी बाटल्या, टोप्या ठेवून जातात. 22 जुलै 2025 ला टूर तिथून वर गेली आणि वालाँताँ पारे-पँत्र हा फ्रेंच मुलगा जिंकला, तेव्हा घाटभर उसळलेली ती गर्दी बघून मला रडू आलं. भाचा म्हणाला, "मावशी, अजून तर आल्प्स बाकी आहेत."

मग आजच्या पोगाचारचं काय? यावर आमच्याकडे अजून एकमत नाही, होणारही नाही. 2024 मध्ये प्लातो द बेय या चढावर त्याने पांतानीची 1998 ची वेळ तीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडली, आणि त्याच वर्षी जिरो व टूर दोन्ही जिंकला. तसं पांतानीनंतर कुणाला जमलं नव्हतं. भाचा म्हणतो, सायकली बघा, टायर बघा, कपडे बघा. आता तासाला शंभर-एकशेवीस ग्रॅम कर्बोदकं पोटात ढकलतात, पूर्वी उपाशी चढायचे. दादा म्हणतात, सगळं मान्य, पण ओताकामवर याच सायकली असताना रीसची वेळ तुटली नाही, म्हणजे ती औषधं काय ताकदीची होती बघ, आणि आता त्या वेळांच्या आसपास पुन्हा जाणारी माणसं दिसली की मला झोप येत नाही. मग ते आठवण करून देतात की पोगाचारच्या संघाचे प्रमुख माउरो जानेत्ती 2008 मध्ये पिएपोलीच्या संघाचे प्रमुख होते. त्यावर भाचा विचारतो, विंगेगोरचा संघ कुठून आला? राबोबँकच्या जुन्या संघातूनच ना, ज्यांनी 2007 मध्ये स्वतःच्याच पिवळ्या जर्सीतल्या रासमुसेनला शर्यतीच्या मधून काढलं होतं!

लॅबवाली मुलगी दोघांनाही थांबवते. पोगाचार किंवा विंगेगोर आजवर एकाही चाचणीत सापडलेले नाहीत, त्यांच्याविरुद्ध कसलाही पुरावा नाही, हे आधी म्हणा, असा तिचा आग्रह. दादा लगेच म्हणतात, आर्मस्ट्राँगही हेच म्हणायचा. इथे सगळे गप्प होतात, कारण इथे दोघंही बरोबर आहेत. 2008 पासून प्रत्येक सायकलपटूच्या रक्ताचा जैविक पासपोर्ट असतो, वर्षानुवर्षांचे आकडे शेजारी मांडून विसंगती शोधतात. सायकलींची क्ष-किरण चित्रं काढतात, कारण 2016 मध्ये सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका बेल्जियन तरुणीच्या सायकलीत लपवलेली मोटर सापडली होती. 2024 मध्ये बाहेर आलं की काही संघ रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायला ठरावीक प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड हुंगवतात. तेव्हा ते नियमबाह्य नव्हतं, पण 2025 च्या फेब्रुवारीत वारंवार हुंगण्यावर बंदी आली.

मला सगळ्यांत जास्त छळतो तो क्रिस फ्रूमचा प्रसंग. 2015 मध्ये तो पिवळ्या जर्सीत असताना एका प्रेक्षकाने औषधखोर म्हणून ओरडत त्याच्या अंगावर लघवी फेकली, असं त्याने स्वतः सांगितलं. शेवटी त्याने प्रयोगशाळेत शरीराच्या चाचण्या करवून आकडे जाहीर केले, आणि लोक त्या आकड्यांवरही भांडले. जो खरोखर स्वच्छ आहे त्याने ते दाखवायचं कसं? घेतल्याचा पुरावा असतो, न घेतल्याचा कुठून आणायचा? बासाँला गप्प करणारे आणि फ्रूमवर लघवी फेकणारे, दोघांनाही मी माफ करू शकत नाही. आणि तरी स्टॉपवॉच लावणं मला चुकीचं वाटत नाही. आता तर मीही लावते.

आणि मार्ग! दर ऑक्टोबरमध्ये पॅरिसला पुढच्या वर्षीचा मार्ग जाहीर होतो आणि लोक तुटून पडतात. 2025 चा मार्ग पूर्णपणे फ्रान्समधला, लिलहून निघालेला. मोठे घाट बाराव्या टप्प्यापर्यंत नव्हतेच. काहींना ते कंटाळवाणं वाटलं, मला तर त्यामुळे ओताकामला स्फोट झाल्यासारखं झालं. एकोणिसाव्या टप्प्यात सेझीचा घाट आयत्या वेळी वगळावा लागला, का तर तिथल्या गुरांच्या कळपात लम्पी आला होता. हे ऐकल्यावर मी ताडकन उठून बसले. 2022 मध्ये आपल्याकडे गोठ्यागोठ्यांत काय झालं होतं ते मला ठाऊक आहे. आल्प्समधल्या त्या शेतकऱ्यांचे कळप मारावे लागले. जगातली सगळ्यांत मोठी सायकल शर्यत त्यांच्या दुःखापासून वाट वाकडी करून गेली, आणि ते योग्यच झालं.

शेवटच्या दिवसावरून तर जोरात जुंपली. पॅरिसमधला शेवटचा टप्पा मिरवणुकीचा, विजेत्याने हसत पोहोचायचं, शेवटी स्प्रिंटरांची धाव, असा रिवाज. या वेळी माँमार्त्रच्या टेकडीवरचा र्यू लपिकचा 1.1 किलोमीटरचा फरसबंद चढ तीनदा घातला. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये तिथे लोटलेली गर्दी आयोजकांना विसरता आली नसावी. काही सायकलपटूंनी धोक्याची काळजी बोलून दाखवली, दादाही चिडले, रिवाज मोडला म्हणून. आणि त्या दिवशी पाऊस पडला! वेळा आधीच गोठवल्या, म्हणजे पोगाचारची चौथी टूर नक्की झाली, त्याने सावकाश आलं तरी चाललं असतं. पण तो आला नाही सावकाश. तो निसरड्या दगडांवर पुढे लढत होता, आणि शेवटच्या फेरीत वाउट व्हान आर्टने त्याच्यावर मात करून त्याला चढावर मागे टाकलं आणि एकट्याने शाँझेलिझेला पोहोचला. दादा खुर्चीवरून उठून उभे होते. रिवाजाचं नंतर कुणी नाव काढलं नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये 2026 चा मार्ग आला. बार्सिलोनाहून सुरुवात, तीही सांघिक घड्याळी शर्यतीने. आणि आल्प द्युएझ दोन दिवस लागोपाठ, एकोणिसावा आणि विसावा टप्पा! एकवीस वळणांचा तो प्रसिद्ध घाट पहिल्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी गालिबिएचा घाट ओलांडून सारेनच्या घाटाने मागच्या बाजूने पुन्हा त्याच गावात. माझं डोकं आत्तापासूनच त्या दोन दिवसांत अडकलंय. दादांचं म्हणणं, दोन दिवस एकच गाव म्हणजे कल्पनाशक्तीचा दुष्काळ. भाचा म्हणतो, पहिल्या दिवशी सगळे दबकून बसतील. मी दोघांशीही भांडते आहे: एकोणिसाव्याला जो जास्त जोर लावेल त्याचे पाय विसाव्याला गालिबिएवर बोलतील, आणि विंगेगोरला पोगाचारला दमवायचं असेल तर याहून चांगला रस्ता त्याला मिळणार नाही. सारेनचा उंचीचा आलेख मी छापून घेतलाय. रविवारी तो घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.